रेडिओवर सांगता येईल असं चिन्ह

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

ग्राफिक डिझायनरला रेडिओवर बोलायला बोलावणं म्हणजे आचाऱ्याला फोनवरून पंगत वाढायला सांगण्यासारखं आहे. आमचं सगळं काम डोळ्यांसाठी. रंग, रेषा, अक्षरं, मोकळी जागा. यातलं काहीच मला आत्ता तुम्हाला दाखवता येणार नाही. पण या अडचणीतूनच एक चांगली कसोटी हाती लागते. एखादं बोधचिन्ह न दाखवता, नुसतं तोंडानं, एका वाक्यात सांगता आलं आणि ऐकणाऱ्याला ते डोळे मिटून दिसलं, तर ते चिन्ह चांगलं.

करून पाहू या. दोन हातांच्या ओंजळीत जपलेली दिव्याची ज्योत. झालं, तुम्ही ओळखलंत. आयुर्विमा महामंडळ. निळं वर्तुळ, त्याच्या मधोमध छोटं पांढरं वर्तुळ आणि तिथून खाली उतरणारी पांढरी फट. हेही ओळखलंत, स्टेट बँक. ठिपक्याठिपक्यांचा फ्रॉक घातलेली, निळ्या केसांची खट्याळ मुलगी. इथं तर मला वाक्य पुरं करायचीही गरज नाही.

आता दुसरी बाजू. गेल्या दहाबारा वर्षांत जगभरातल्या किती तरी कंपन्यांनी आपली चिन्हं बदलली. यातली बरीचशी मला रेडिओवर सांगताच येणार नाहीत. कारण सांगण्यासारखं त्यांत फारसं उरलेलं नाही. कंपनीचं नाव, साध्या, सरळ, एकसारख्या जाडीच्या इंग्रजी अक्षरांत. बस्स. एकीचं सांगितलं की दहा जणींचं सांगून होतं. असं का झालं, ते चांगलं की वाईट, आणि आपल्या गावातल्या दुकानदाराचा, आपल्या मराठी अक्षरांचा याच्याशी काय संबंध, याविषयी मी आज माझी मतं मांडणार आहे.

छाप, मार्का आणि ब्रँड

‘ब्रँडिंग’ हा शब्द हल्ली सगळ्यांच्या तोंडी आहे. लग्नाच्या हॉलपासून राजकीय पक्षांपर्यंत सगळ्यांचं ब्रँडिंग होतं. इंग्रजीत या शब्दाचं मूळ डाग देण्यात आहे. तापवलेल्या लोखंडानं जनावराच्या अंगावर मालकाची खूण उमटवायची, की कळपात मिसळलं तरी गुरू कुणाचं ते कळावं. आपल्याकडे याच कामासाठी जुने शब्द होते, छाप आणि मार्का. घोडा छाप, उंट छाप, तीन बंदर छाप. गिऱ्हाइकाला लिहितावाचता येत नसलं तरी चित्र ओळखता येई. गिरण्यांच्या कापडाच्या ठाणांवर देवदेवतांची, राजाराण्यांची रंगीत छापील लेबलं चिकटवलेली असत. राजा रविवर्मांनी १८९४ मध्ये मुंबईत शिळाछापखाना काढला, त्याच काळातली ही गोष्ट. गिऱ्हाईक दुकानात जाऊन कंपनीचं नाव सांगत नसे. ‘तो गणपतीवाला मांजरपाट द्या’ म्हणत असे.

आपल्या ओळखीचं एक उदाहरण घेऊ. दांडेकर बंधूंनी १९३१ मध्ये मुंबईत शाईची भुकटी आणि वड्या विकायला सुरुवात केली. सुरुवातीचा मार्का होता घोडा. पुढे उंट आला आणि ‘कॅमल’ व ‘इंक’ या दोन शब्दांच्या जोडणीतून ‘कॅम्लिन’ हे नाव तयार झालं. २०११ मध्ये एका जपानी कंपनीनं तिच्यात मोठा वाटा घेतला. पण आजही कंपासपेटीवरचा उंट पाहिला की तीन पिढ्यांना शाळा आठवते. उंटाचा आणि शाईचा तसा काय संबंध? काही नाही. संबंध वापरातून तयार झाला.

इथं एक गोष्ट नीट समजून घेऊ या, कारण सगळा घोटाळा इथूनच सुरू होतो. बोधचिन्ह म्हणजे ब्रँड नव्हे. ब्रँड म्हणजे लोकांच्या मनात तुमच्याविषयी असलेली ओळख. मालाचा दर्जा, भाव, दुकानातल्या माणसाचं बोलणं, तक्रार केल्यावर मिळालेलं उत्तर, या सगळ्यांची मिळून ती बनते. चिन्ह ही नुसती खुंटी. लोक त्या खुंटीवर आपला अनुभव अडकवून ठेवतात आणि पुढच्या वेळी खुंटी दिसली की अनुभव आठवतो. नायकी या बुटांच्या कंपनीची ती वळलेली बरोबरसारखी खूण १९७१ मध्ये कॅरोलिन डेव्हिडसन या विद्यार्थिनीनं काढली. त्या कामाचे तिला ३५ डॉलर मिळाले होते. कंपनीनं पुढे १९८३ मध्ये तिला आपले काही शेअर दिले, हा भाग वेगळा. मुद्दा असा, की पहिल्या दिवशी ती खूण म्हणजे नुसती एक वळलेली रेघ होती. तिला किंमत आली ती नंतरच्या बुटांमुळे आणि खेळाडूंमुळे.

म्हणून ‘लोगो बदला, म्हणजे धंदा वाढेल’ असं कुणी सांगितलं, तर त्याच्याकडे जरा संशयानं पाहा. तो माझा व्यवसायबंधू असला तरी पाहा.

साधेपणा आला कुठून

स्वातंत्र्यानंतर आपल्याकडे डिझाइनचं रीतसर शिक्षण हळूहळू आकाराला आलं. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत कमर्शियल आर्टचा विभाग १९३५ मध्येच सुरू झाला होता. १९५८ मध्ये चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकी दांपत्यानं भारत सरकारला एक अहवाल दिला. भारतात पाहिलेल्या सगळ्या वस्तूंमध्ये त्यांना सर्वांत सुंदर वाटला तो आपला साधा लोटा. कुणा एका माणसानं तो घडवलेला नाही. कमरेवर किंवा डोक्यावर नेताना तोल कसा राहील, पाणी ओतताना धार कशी पडेल, घासायला हात आत जाईल का, हे पिढ्यान्‌पिढ्या पाहत तो घडत गेला. या अहवालातून १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. पवईच्या आयआयटीत औद्योगिक डिझाइनचं केंद्र १९६९ मध्ये सुरू झालं.

स्टेट बँकेचं ते निळं वर्तुळ १९७१ मध्ये अहमदाबादच्या संस्थेतल्या शेखर कामत यांनी केलं. दूरदर्शनचा डोळाही त्याच संस्थेतल्या देवाशीष भट्टाचार्य या विद्यार्थ्याच्या रेखाटनातून आला. ही चिन्हं इतकी साधी का? ती काही नुसती कलावंताची आवड नव्हती. बँकेचं चिन्ह कुठं कुठं उमटणार होतं ते डोळ्यांसमोर आणा. पासबुकावरचा रबरी शिक्का. खरखरीत कागदावर एका शाईत छापलेला फॉर्म. तालुक्याच्या गावी स्थानिक पेंटरनं पत्र्यावर रंगवलेली पाटी. यातल्या प्रत्येक ठिकाणी बारीक तपशील बुजणार, छटा पुसल्या जाणार. टिकणार ते एवढंच, की एक वर्तुळ आणि एक फट. कंपास आणि पट्टी असली की कुठल्याही गावातला पेंटर ते बिनचूक काढू शकेल. कुणाला त्यात कुलपाची किल्ली फिरवायची फट दिसली, कुणाला अहमदाबादचा कांकरिया तलाव दिसला. तो बघणाऱ्यांचा आनंद. चिन्हाची ताकद मात्र त्याच्या कामाला असलेल्या चोख उत्तरात आहे, लोट्यासारखी.

वारं कुठून येतं

आता फॅशनकडे वळू. डिझाइनमध्ये वारं फिरतं तेव्हा त्यामागे बहुतेक वेळा काही तरी ठोस कारण असतं. दुर्दैवानं कारण मागे राहतं आणि नुसता देखावा गावोगाव पोचतो.

२००० च्या आसपास संगणकाचा रंगीत पडदा घरोघर पोचला आणि चकाकीची लाट आली. गोळे, फुगे, सावल्या, काचेवर पडतो तसा पांढरा उजेड. कारण काय? ते करणं अचानक सोपं झालं होतं, आणि फ्लेक्सवर कितीही रंग छापले तरी खर्च तेवढाच येत होता. मग मोबाईल आला. बोटाच्या पेराएवढ्या चौकोनात चिन्ह बसवायचं तर चकाकी निरुपयोगी. २०१३ मध्ये अॅपलनं आपल्या फोनवरची सगळी चित्रं सपाट करून टाकली आणि सगळं जग सपाट झालं. २०१५ मध्ये गुगलनं आपल्या नावातल्या अक्षरांची शेपटं कापली. लहान पडद्यावर, कमी माहितीत, लवकर उमटावं हे त्यांचं कारण होतं आणि त्यांच्यापुरतं ते योग्यही होतं.

पण पाठोपाठ पर्फ्यूमवाले, कापडवाले, सूटकेसवाले यांनीही आपली शेपटं कापली. त्यांना कुठं पेराएवढ्या जागेत राहायचं होतं? बर्बेरी या जुन्या ब्रिटिश कंपनीनं २०१८ मध्ये आपली नाजूक अक्षरं टाकून जाड, सपाट अक्षरं घेतली. पाच वर्षांत तिच्या लक्षात आलं की आपण गर्दीत हरवलो. २०२३ मध्ये वळणदार अक्षरं परत आली आणि घोड्यावरचा जुना सरदारही परत आला.

याहून महाग धडे इतरांनी घेतले आहेत. अमेरिकेत ट्रॉपिकाना नावाचा संत्र्याचा रस मिळतो. त्याच्या खोक्यावर वर्षानुवर्षं एक संत्रं आणि त्यात खुपसलेली नळी असे. रेडिओवर सांगता येण्याजोगं चित्र. २००९ च्या जानेवारीत कंपनीनं ते काढून टाकलं आणि रसाचा पेला असलेलं नवं, ‘आधुनिक’ खोकं आणलं. दोन महिन्यांच्या आत विक्री सुमारे २० टक्क्यांनी घसरली. रस तोच होता. गिऱ्हाइकाला तो फळीवर सापडेना. जुनं खोकं परत आणावं लागलं. २०१० मध्ये गॅप या कपड्यांच्या कंपनीनं नवं चिन्ह जाहीर केलं आणि लोकांच्या टीकेमुळे आठवडाभरात मागे घेतलं.

मग बदलूच नये का? तसं नाही. २०१९ च्या जानेवारीत मास्टरकार्डनं आपल्या चिन्हातून कंपनीचं नावच काढून टाकलं. उरली दोन एकमेकांत शिरलेली वर्तुळं, एक तांबडं, एक पिवळं. ते साधलं, कारण ती वर्तुळं अर्धशतकाहून अधिक काळ लोकांच्या डोळ्यांसमोर होती. त्यांनी नवीन काही आणलं नाही. जे लोकांच्या मनात आधीच होतं, त्याच्यावरचं ओझं तेवढं उतरवलं. बदलाचा हा मार्ग मला सगळ्यांत शहाणपणाचा वाटतो. आपल्या चिन्हातलं लोक काय ओळखतात ते आधी शोधा. ते धरून ठेवा. बाकीचं खुशाल बदला.

आपल्याकडे याबाबतीत थोडी घाई झाली असं माझं मत आहे. एशियन पेंट्सचा गट्टू आठवतो? हातात ब्रश आणि रंगाचा डबा घेतलेला, कपाळावर केसांची बट आलेला पोर. आर. के. लक्ष्मण यांनी १९५४ मध्ये काढलेला. नव्या शतकाच्या सुरुवातीला कंपनीनं त्याला निवृत्त केलं. एअर इंडियाचा महाराजा १९४६ मध्ये बॉबी कूका आणि चित्रकार उमेश राव यांच्या जोडीनं जन्माला घातला. लवून नमस्कार करणारा, भरघोस मिशांचा. २०२३ मध्ये विमान कंपनीनं नवं रूप घेतलं, तेव्हा दर्शनी जागा खिडकीच्या कमानीवरून सुचलेल्या एका सोनेरी आकाराला मिळाली आणि महाराजा मागच्या रांगेत गेला. धंद्याची गणितं त्यांची त्यांना माहीत. पण रेडिओच्या कसोटीवर मी दोन्ही सांगून पाहतो तेव्हा महाराजा लगेच समोर उभा राहतो.

मराठी पाटीचा प्रश्न

आता मला सर्वांत जवळचा वाटणारा विषय. अक्षरांचा.

महाराष्ट्रात दुकानांच्या पाट्या मराठीत हव्यात हा नियम जुना आहे. २०२२ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन तो लहान दुकानांनाही लागू झाला. मराठी अक्षरांचा आकार इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान असता कामा नये, असंही त्यात आलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायालयानं व्यापाऱ्यांना दोन महिन्यांची मुदत दिली आणि २५ नोव्हेंबरपर्यंत पाट्या बदलायला सांगितलं. मग एकच धावपळ उडाली. मोठमोठ्या नावांच्या पाट्या मराठीत आल्या. मला आनंद झाला. पण पाट्या बघत फिरताना वाईटही वाटलं.

काय दिसलं? इंग्रजी नाव मूळच्या दिमाखात, विचार करून घडवलेल्या अक्षरांत. आणि शेजारी मराठी नाव संगणकात जे अक्षर पहिल्यांदा सापडलं त्यात. जागा भरायला आडवं ताणलेलं, किंवा जागा कमी म्हणून उभं दाबलेलं. जणू पाहुण्याला चांदीचं ताट आणि घरच्या माणसाला पत्रावळ.

ताणलेलं अक्षर का खुपतं, ते सांगतो. देवनागरीचं वळण बोरूतून आलं. बोरूचं टोक तिरकं कापलेलं असतं, त्यामुळे हात एका दिशेला गेला की रेघ जाड आणि दुसऱ्या दिशेला गेला की बारीक उमटते. या जाड-बारीकपणाला एक हिशेब असतो. संगणकात अक्षर आडवं ओढलं की काने, दांडे जाड होतात, शिरोरेषा मात्र होती तेवढीच राहते. हिशेब बिघडतो. वाचणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण डोळ्याला ते अक्षर बेढब लागतं.

दुसरी गोष्ट उंचीची. इंग्रजी मोठी अक्षरं एका ओळीवर उभी असतात, वर-खाली काही नाही. देवनागरी शिरोरेषेला टांगलेली असते आणि तिचं घर तीन मजली. ‘मूर्ती’ हा शब्द घ्या. खाली दीर्घ ऊकार, मध्ये अक्षरं, वर वेलांटी आणि रफार. इंग्रजीसाठी आखलेल्या पट्टीत हा शब्द कोंबला, की मधला मजला, म्हणजे खरं वाचायचं अक्षर, बारीक होतं. आकार कागदावर सारखा, डोळ्याला मात्र मराठी लहान. नियम पाळला आणि हेतू बुडाला. म्हणून पाटी करणाऱ्यांना माझं सांगणं असतं, की मधल्या मजल्याची उंची इंग्रजी अक्षरांशी जुळवा, आणि वरखाली मात्रा-उकारांना श्वास घ्यायला जागा ठेवा.

तिसरी गोष्ट अंतराची. इंग्रजी अक्षरं सुटी सुटी मांडली की ऐटबाज दिसतात, म्हणून हल्ली तशी फॅशन आहे. तेच मराठीत केलं की शिरोरेषा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. उलट शिरोरेषा अखंड ठेवली तर तिचा फायदाच आहे. पत्रा किंवा अॅक्रिलिक कापून अक्षरं बनवताना अख्खा शब्द एकाच तुकड्यात निघतो, अक्षरं एकेक करून निखळत नाहीत. धोका फक्त अनुस्वाराला. तो सुटा असतो आणि पावसाळ्यात गळून पडतो. मग ‘बंधू’चे ‘बधू’ होतात.

चौथी गोष्ट रूपांची. मराठीत पाकळ्यांचा ल आणि देठाचा श अशी आपली वळणं आहेत. राज्य शासनानं २०२२ च्या निर्णयातही त्यांचाच आग्रह धरला. पण संगणकासाठी मराठी ल आणि हिंदी ल एकाच क्रमांकाची अक्षरं. टंक हिंदीचा असला की पाटीवर हिंदी वळण उमटतं. काम देताना ‘अक्षरं मराठी वळणाची हवीत’ एवढं एक वाक्य सांगितलं तरी पुरतं.

यावर कुणी म्हणेल, की मराठी अक्षरांत आधुनिक दिमाख येतच नाही, त्याला आम्ही काय करणार? हे मला मान्य नाही. कमल शेडगे यांनी अनेक दशकं मराठी नाटकांची नावं जाहिरातींसाठी अशी काही घडवली, की वर्तमानपत्रातलं ते चार इंचांचं अक्षर पाहून नाटक ऐतिहासिक, विनोदी की रहस्यमय, ते कळावं. २०२० मध्ये ते गेले. त्यांनी केलं ते ब्रँडिंगच होतं, फक्त त्या काळी हा शब्द कुणी वापरत नव्हतं. जाहिरात क्षेत्रातून आलेले आणि पुढे आयआयटीत शिकवणारे र. कृ. जोशी यांनी देवनागरीचा ‘मंगल’ हा टंक घडवला. २००० मध्ये तो विंडोजबरोबर जगभरच्या संगणकांवर गेला. त्या काळच्या पडद्यावर मजकूर वाचता यावा हे त्याचं काम, आणि ते त्यानं उत्तम केलं. त्याला दहा फुटी पाटीवर चढवणं हा मंगलचा दोष नव्हे, चढवणाऱ्याचा आहे. आज तर निवडीला तोटा नाही. मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटानं केलेले ‘मुक्ता’ आणि ‘बाळू’ यांसारखे टंक कुणालाही विनामूल्य वापरता येतात. अच्युत पालव यांच्यासारखे सुलेखनकार गावोगाव कार्यशाळा घेतात. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

आणि सगळ्यांत मोठा पुरावा तर आपल्या खिशात आहे. रुपयाचं चिन्ह. डी. उदयकुमार यांनी ते पवईच्या आयआयटीत पीएच.डी. करत असताना तयार केलं आणि १५ जुलै २०१० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळानं ते स्वीकारलं. वर्णन रेडिओवर एका वाक्यात होतं. देवनागरी र, त्याच्या शिरोरेषेखाली आणखी एक आडवी रेघ. त्यात दांडा नसलेला इंग्रजी आरही दिसतो. जगाला ते चलनाचं चिन्ह वाटतं आणि आपल्याला त्यात आपली शिरोरेषा दिसते. आधुनिक व्हायचं म्हणजे आपली लिपी सोडायची असं नव्हे, हे याहून थोडक्यात कसं सांगणार?

दुकानदारांसाठी चार शब्द

हे सगळं मोठ्या कंपन्यांपुरतं नाही. मसाल्याचा घरगुती उद्योग, बचत गटाचे पापड, तालुक्याचं कापड दुकान, यांना या गोष्टी जास्तच लागू आहेत. मोठी कंपनी फसली तर जुनं खोकं परत आणते. लहान माणसाचे छापून ठेवलेले दहा हजार पाऊच मात्र वाया जातात.

म्हणून काही साध्या कसोट्या. पहिली आपली रेडिओची. ओळखीच्या माणसाला फोन करून आपलं चिन्ह सांगा आणि त्याला काढायला लावा. साधारण जवळ पोचला तर पास. दुसरी रबरी शिक्क्याची. एका रंगात, अंगठ्याच्या नखाएवढं उमटवून पाहा. तिसरी रस्त्याची. पाटीचा नमुना भिंतीला लावून वीस पावलं मागे जा. नाव वाचता आलं पाहिजे. चौथी शेजाऱ्याची. आपलं नाव झाकून तिथं शेजारच्या दुकानाचं नाव ठेवा. काहीच बिघडलं नाही, तर ते चिन्ह तुमचं नाही.

हल्ली यंत्राला दोन ओळी सांगितल्या की क्षणात पन्नास चिन्हं मिळतात. कच्ची कल्पना सुचायला ती जरूर वापरावीत. पण तीच यंत्रं तुमच्या स्पर्धकाकडेही आहेत, आणि चित्रात देवनागरी जोडाक्षरं काढताना ती अजूनही अडखळतात. छापायला देण्यापूर्वी काना-मात्रा स्वतः तपासा.

दोन गोष्टी कागदोपत्री. चित्रकारानं काढलेल्या चिन्हाचा हक्क पैसे दिले म्हणून आपोआप तुमचा होतो असं समजू नका. तो तुमच्या नावे केल्याचं लेखी घ्या. आणि चिन्हाची नोंदणी करा. व्यापारचिन्ह कायद्याखाली ती दहा वर्षांसाठी होते आणि पुढे वाढवता येते. एकट्या व्यक्तीला किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जासाठी एका वर्गामागे साडेचार हजार रुपये शुल्क आहे. दिवाळीच्या फ्लेक्सवर जेवढं जातं, त्याहून ते फार नाही.

आणि ज्यांच्याकडे वडिलांच्या, आजोबांच्या काळापासूनचं चिन्ह आहे त्यांना एक कळकळीची विनंती. ते गावंढळ दिसतं असं कुणी म्हणालं म्हणून लगेच टाकून देऊ नका. पेंटरनं काढलेली ती वाकडी गाय, ती तिरकी अक्षरं, यांच्यावर तुमच्या गिऱ्हाइकांची चाळीस वर्षांची ओळख टांगलेली आहे. रेषा सफाईदार करून घ्या, रंग ठीक करा, नको असलेली नक्षी काढा. खुंटी मात्र भिंतीवर राहू द्या.

आज संध्याकाळी बाजारात जाल तेव्हा हातातली पिशवी सांभाळत जरा वर पाहा. एकेक पाटी वाचा. घरी आल्यावर त्यातल्या किती डोळे मिटून दिसतात ते मोजा. ज्या दिसतील, त्यांनी आपलं काम चोख केलं असं समजा. त्यांतल्या किती मराठीत दिसतात तेही मोजा. ती संख्या वाढवणं आपल्या सगळ्यांच्या हातात आहे, कारण पाटी दुकानदार लावतो, पण ती वाचणारे आपणच असतो.